गोवा ते दुबई : अंतर, वेळ आणि घड्याळ यांचा हिशेब



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी भावांची चढउतार, करांचे नवे नियम, साठवणुकीतील दक्षता अशा विषयांवर लेख येतात. धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने विमानप्रवासावर लिहावे, हे पाहून काहींना नवल वाटेल. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य आहे. विमानविद्येचा जाणकार नाही. तथापि आज आपल्या पेडणे व डिचोली तालुक्यांत असे घर विरळाच, की ज्याचा एखादा मुलगा, जावई किंवा पुतण्या आखातात नोकरीस अथवा व्यापारास नाही. त्यांच्या जाण्यायेण्याचा हिशेब घरातल्या वडीलधाऱ्यांना करावा लागतो. तो हिशेब माझ्याकडून एकदा चुकला, आणि ती चूक अशी होती की पैशाने भरून निघाली नाही. ती घटना पुढे योग्य स्थळी सांगेन. आधी हिशेबाची रीत पाहू, कारण रीत समजल्यावाचून चूक कोठे झाली हे कळणार नाही.

१. अंतर कसे मोजावे

डिचोलीहून बेळगावास माल आणायला गाडी पाठवताना आपण सरळ रेषेतील अंतर विचारात घेत नाही. नकाशावर पट्टी ठेवली तर ही दोन गावे सुमारे ६५ किलोमीटरच भरतात. पण चोर्ल्याचा घाट त्या पट्टीला मानत नाही, आणि डिझेलचा खर्च घाटाप्रमाणे होतो, पट्टीप्रमाणे होत नाही. विमानाला घाट नाही. म्हणून त्याचे अंतर सांगताना सरळ अंतर हाच पाया धरतात.

परंतु पृथ्वी गोल असल्यामुळे ‘सरळ’ या शब्दाचा अर्थ थोडा बदलतो. मुलांच्या शाळेतील पृथ्वीगोल घ्यावा, एक दोरा गोव्यावर व दुबईवर टेकवून ताणावा. ताणलेला दोरा जो मार्ग धरतो तोच दोन स्थळांमधील सर्वांत जवळचा मार्ग. सपाट कागदावरील रेषा व हा दोरा यांत लांबच्या प्रवासात बराच फरक पडतो. गोवा-दुबईसारख्या मध्यम अंतरात तो नगण्य असतो. त्यामुळे शाळेतल्या गणिताने आपले काम भागते.

ते गणित असे. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. हा आकडा इतका गोळाबेरीज कसा, असे कोणी विचारील. त्याचे कारण, अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये मीटर हे माप ठरवले गेले तेव्हा उत्तर ध्रुव ते विषुववृत्त या अंतराचा एक कोट्यंश म्हणजे एक मीटर, असेच धरले होते. घेराचे ३६० अंश असतात. ४०,००० ला ३६० ने भागल्यास एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर येतात. उत्तर-दक्षिण दिशेने कोठेही मोजा, एक अक्षांश म्हणजे १११ किलोमीटर.

पूर्व-पश्चिम दिशेने मात्र तसे नाही. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाता जाता जवळ येतात, सोललेल्या संत्र्याच्या फोडी देठापाशी एकत्र येतात तशा. विषुववृत्तावर एक रेखांश १११ किलोमीटरचा, आपल्या विसाव्या अंशाच्या आसपास १०४ चा, आणि साठाव्या अंशावर निम्माच उरतो. शाळेत त्रिकोणमितीच्या कोष्टकात जी ‘कोसाइन’ पाहत होतो, तिने १११ ला गुणले की हे उत्तर मिळते.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. पेडण्याच्या पठारावरील मोपा विमानतळ साधारण १५ अंश ४४ कला उत्तर अक्षांशावर व ७३ अंश ५२ कला पूर्व रेखांशावर आहे. दुबईचा विमानतळ २५ अंश १५ कला उत्तर व ५५ अंश २२ कला पूर्व येथे आहे. म्हणजे अक्षांशांतील फरक सुमारे साडेनऊ अंश व रेखांशांतील फरक साडेअठरा अंश.

साडेनऊ गुणिले १११, म्हणजे उत्तरेकडे सुमारे १,०५५ किलोमीटर. साडेअठरा गुणिले १०४, म्हणजे पश्चिमेकडे १,९२४ किलोमीटर. या दोन बाजू झाल्या काटकोन त्रिकोणाच्या. आपल्याला हवा आहे त्याचा कर्ण. दोहोंचे वर्ग करून बेरीज करावी व वर्गमूळ काढावे. उत्तर येते सुमारे २,१९५ किलोमीटर. गोलाच्या सूक्ष्म गणिताने काढले तरी हेच उत्तर मिळते. दाबोळीहून मोजले तर ते २,२१५ च्या आसपास येते, म्हणजे वीस किलोमीटरांचाच फरक.

वैमानिक किलोमीटर वापरत नाहीत, सागरी मैल वापरतात. एका अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला, आणि एका कलेचे अंतर म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. त्या मापाने मोपा ते दुबई हे अंतर सुमारे १,१८५ सागरी मैल आहे.

२. सरळ मार्ग नेहमी मोकळा नसतो

गोव्याहून दुबईकडे ताणलेला दोरा बहुतांशी अरबी समुद्रावरून जातो, मस्कतजवळ ओमानचा किनारा ओलांडतो आणि डोंगरांवरून संयुक्त अरब अमिरातीत उतरतो. आपल्या सुदैवाने हा मार्ग बराचसा मोकळा आहे. पण आकाशालाही हद्दी असतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना वळसा घ्यावा लागून वेळ व इंधन दोन्ही वाढले. शहरे जागची हलली नव्हती. वाट बदलली होती.

गोव्याला हा अनुभव नवा नाही. भारतीय उपखंडातील नियमित हवाई टपाल १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस आणले. गोव्यात मात्र दाबोळीचा विमानतळ पोर्तुगीज राजवटीत १९५५ साली सुरू झाला, आणि भारताने सरहद्दीवर नाकेबंदी केलेली असल्यामुळे तेथील ‘ताईप’ या पोर्तुगीज कंपनीची विमाने दमण, दीव व कराची येथे समुद्रावरून जात. बेळगाव व सावंतवाडी हाकेच्या अंतरावर, पण दारे बंद. आणि कराची सुमारे १,२७० किलोमीटर दूर, पण वाट उघडी. त्या काळच्या पंख्याच्या विमानाचा वेग ताशी ३५० किलोमीटर धरला, तर थेट गेल्यास या अंतराला साडेतीन तासांहून अधिक वेळ लागे. आज जवळजवळ तेवढ्याच वेळात मनुष्य दुबईस पोहोचतो, म्हणजे पावणेदोन पट दूर जातो. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाने दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. त्याच रात्री तेथील दोन विमाने उरलेल्या धावपट्टीवरून उडून कराचीस निघून गेली, आणि त्या कंपनीचा अध्याय संपला.

पुढे साठ वर्षे दाबोळी हाच गोव्याचा एकमेव विमानतळ होता. तो नौदलाचा तळ असल्याने नागरी विमानांना वेळेची व जागेची मर्यादा पडे. ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले व ५ जानेवारी २०२३ पासून तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. मनोहर पर्रीकर यांचे नाव त्याला दिले आहे. एकेकाळी ज्या पेडण्यातून म्हापशाला जाणे हाच प्रवास समजला जाई, त्या तालुक्याच्या पठारावरून आता परदेशी विमाने उडतात.

३. उड्डाणाचा वेळ : निव्वळ व ढोबळ

आजची मध्यम आकाराची जेट विमाने दहा-अकरा किलोमीटर उंचीवर ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने जातात. २,१९५ ला ८३० ने भागले की २ तास ३९ मिनिटे येतात. परंतु तिकिटावर पाहिले तर सव्वातीन ते साडेतीन तास लिहिलेले असतात. मग वरचा पाऊण तास कोणी खाल्ला?

आपल्या धंद्यात याचे उत्तर रोजचेच आहे. पोते काट्यावर चढवले की दिसते ते ढोबळ वजन. त्यातून बारदान वजा केले की उरते ते निव्वळ धान्य. उड्डाणालाही बारदान असते. विमान चढताना व उतरताना पूर्ण वेगाने जात नाही. त्यात बारा-एक मिनिटे जातात. विमानाच्या चाकांची अटकण काढल्यापासून धावपट्टीच्या टोकाला पोहोचेपर्यंत, आणि उतरल्यावर पुन्हा जागेवर येऊन उभे राहीपर्यंत मिळून वीस मिनिटे धरावीत. आखून दिलेला मार्ग दोऱ्याइतका सरळ नसतो. त्याची पाच-सहा मिनिटे. बेरीज केली तर :

निव्वळ उड्डाण — २ तास ३९ मिनिटे
चढ व उतार — १२ मिनिटे
जमिनीवरील चाल — २० मिनिटे
मार्गाची वळणे — ६ मिनिटे
एकूण — ३ तास १७ मिनिटे

अटकण काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतच्या या वेळाला विमान कंपन्या ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात, आणि तिकिटावर तोच छापतात. मोठ्या विमानतळावर गर्दीच्या वेळी उतरण्यास थांबावे लागते, म्हणून पुष्कळदा त्यात आणखी थोडी सूट धरलेली असते. त्यामुळेच उशिरा सुटलेले विमानही कधी कधी वेळेवर पोहोचते.

हे बारदान अंतराप्रमाणे घटत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मोपा ते मुंबई हे सरळ अंतर सुमारे ३९० किलोमीटर. पूर्ण वेगाने ते अर्ध्या तासाहूनही कमी वेळात कापता येईल. पण तिकीट सव्वा तासाच्या आसपास दाखवते. लहान पुडीला कागद जड पडतो, तसेच हे आहे.

४. वाऱ्याचा अडता

याच मार्गावर जाण्याचा व येण्याचा वेळ सारखा नसतो. हिवाळ्यात या अक्षांशांच्या उत्तर भागात, विमाने उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. दुबईस जाताना तो समोरून येतो, परत येताना पाठीशी राहतो. समजा वारा सरासरी ताशी ८० किलोमीटर आहे. जाताना जमिनीवरील वेग ७५० पडतो व निव्वळ उड्डाणास २ तास ५६ मिनिटे लागतात. येताना तो ९१० होतो व २ तास २५ मिनिटे पुरतात. एकाच अंतरावर अर्ध्या तासाचा फरक.

येथे मुलांना एक गंमत दाखवावी. जाताना जेवढा तोटा तेवढाच येताना नफा, असे प्रथमदर्शनी वाटते. पण जाण्यायेण्याचे मिळून ५ तास २१ मिनिटे होतात, आणि वारा अजिबात नसता तर ५ तास १८ मिनिटे झाली असती. म्हणजे फेरी पुरी करूनही वारा आपली तीन मिनिटांची अडत कापून घेतोच. कारण उघड आहे : प्रतिकूल वाऱ्यात आपण अधिक वेळ असतो, अनुकूल वाऱ्यात कमी.

पावसाळ्यात चित्र पालटते. आपल्या डोक्यावर खालच्या थरात नैर्ऋत्येचा वारा असतो, परंतु फार उंचावर दक्षिण भारतावरून पूर्वेकडून पश्चिमेकडे वेगवान प्रवाह वाहतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम् यांनी १९५८ साली या प्रवाहाकडे जगाचे लक्ष वेधले. त्याचा खालचा भाग विमानाच्या मार्गाला लागतो व त्या दिवसांत आखाताकडे जाणाऱ्याला त्याची थोडी मदतही होते. पूर्वी अरबस्तानातून घोडे व खजूर घेऊन गोव्याच्या बंदरात येणाऱ्या गलबतांना अनुकूल वाऱ्यासाठी महिनोन्महिने थांबावे लागे. आज तोच वारा आपल्याकडून फार तर अर्धा तास घेतो किंवा देतो.

५. घड्याळाचा हिशेब, आणि माझी चूक

आता या लेखाच्या मुख्य भागाकडे येतो.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, एका अंशाला ४ मिनिटे. पूर्वेकडे सूर्य आधी उगवतो, पश्चिमेकडे नंतर. प्रत्येक गावाने आपापल्या सूर्याप्रमाणे घड्याळ लावले तर व्यवहार चालणार नाहीत, म्हणून देशाने एक रेखांश ठरवून त्याची वेळ सर्वत्र पाळायची, अशी व्यवस्था आहे. भारताची प्रमाणवेळ १९०६ पासून साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची आहे. मुंबईने त्यानंतरही कित्येक वर्षे आपली निराळी, ३९ मिनिटे मागची वेळ चालू ठेवली होती, हे जुन्या मंडळींकडून ऐकलेले असेल. दुबईची वेळ साठ अंश रेखांशाची आहे. फरक साडेबावीस अंशांचा. त्याला पंधराने भागले की दीड तास. भारतात सकाळचे साडेअकरा, तेव्हा दुबईत सकाळचे दहा.

हे मला ठाऊक नव्हते असे नाही. दर रविवारी पुतण्याचा फोन येई, आणि ‘तुमच्याकडे किती वाजले?’ हा प्रश्न आम्ही कौतुकाने विचारत असू. ठाऊक असणे आणि वेळेवर हिशेबात धरणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

२०१९ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी माझे थोरले बंधू डिचोलीच्या राहत्या घरी निवर्तले. त्यांचा मोठा मुलगा दुबईत. रात्रीच त्याला कळवले. त्याने धावपळ करून तिकीट मिळवले व फोनवर सांगितले, “काका, सकाळी नऊ-चाळीसचे विमान आहे, थेट दाबोळीला उतरते. सव्वातीन तास लागतात. मी येईपर्यंत थांबा.” मी त्याला शब्द दिला.

घरात सर्वांनी हिशेब माझ्यावर सोपवला, कारण चाळीस वर्षे दुकानाच्या वह्या मीच लिहीत आलो होतो. मी पाठीमागच्या कागदावर मांडले : नऊ-चाळीस अधिक सव्वातीन तास, म्हणजे बारा-पंचावन्न. तपासणी व सामान यांस पाऊण तास, पावणेदोनच्या आत बाहेर. पावसातला रस्ता पावणेदोन तास. साडेतीनला घरी. चार वाजता अंत्यसंस्कार. त्याप्रमाणे सर्वांना निरोप गेले. बेळगाव व निपाणीकडचे आप्त पहाटे निघून आले; त्यांना रात्रीपूर्वी घाट ओलांडायचा होता.

दोन वाजले तरी मुलाचा फोन नाही. मी लावला तर बंद. अडीच वाजले. कोणी म्हणाले, विमान चुकले असेल. कोणी म्हणाले, सुट्टी मिळाली नसेल व सांगायला धीर होत नसेल. साडेतीनपर्यंत वाट पाहून आम्ही निघालो. पाऊस तेवढ्यात थांबला होता, पुन्हा कधी येईल याचा भरवसा नव्हता. चार वाजून गेले. वडीलधाऱ्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि मी मान हलवली. धाकट्या मुलाने अग्नी दिला.

मोठा मुलगा पाच वाजता दारात उतरला.

नऊ-चाळीस ही दुबईची वेळ होती. आपल्याकडे तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती. अकरा-दहा अधिक सव्वातीन तास, म्हणजे दोन-पंचवीसला विमान टेकले. सव्वातीनला तो बाहेर पडला. त्याचे तिकडचे सिमकार्ड इथे चालेना, म्हणून एका परक्या गृहस्थाचा फोन मागून त्याने तोंडपाठ असलेला एकच क्रमांक लावला, तो माझा. माझा फोन दुकानातल्या गादीवर राहिला होता. बाराच्या सुमारास, ज्या वेळी मी त्याचे विमान खाली उतरू लागले असे समजत होतो, त्या वेळी ते समुद्रावर निम्म्या वाटेवरही आले नव्हते. चुकले काहीच नव्हते. विमान वेळेवर होते, मुलगाही वेळेवर होता. चुकला होता तो माझा कागद, नेमका दीड तासाने. त्या दीड तासाच्या आधारावर मी एका मुलाविषयी मनात नाही नाही ते धरले, आणि त्याचा हक्क घालवला.

तो मला काही बोलला नाही. रात्री मी वही काढून पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा चूक सापडली, आणि मीच त्याला ती दाखवली. आयुष्यभर मापात काटा न मारल्याचा मला अभिमान होता. त्या दिवशी मी माझ्याच घरच्या माणसाला दीड तास कमी मोजून दिला.

६. घरात लावून ठेवण्याजोगे नियम

या अनुभवातून जे नियम मी आमच्या घरासाठी लिहिले, ते येथे देतो.

पहिला : तिकिटावरील सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची असते व पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची. म्हणून घरच्यांनी सुटण्याची वेळ विचारूच नये. ‘गोव्याच्या घड्याळाप्रमाणे किती वाजता उतरते?’ एवढेच विचारावे, आणि उत्तर लिहून घ्यावे.

दुसरा : सुटण्याचीच वेळ ठाऊक असेल, तर दुबईहून येताना उड्डाणाच्या वेळात दीड तास मिळवावा, दुबईस जाताना दीड तास वजा करावा. गोव्याहून सायंकाळी सहाला निघालेले विमान ३ तास २० मिनिटे उडून दुबईत सात-पन्नासला उतरते. कागदावर दोनच तासांचा प्रवास दिसतो; तो भ्रम आहे. शारजा, अबूधाबी व मस्कत यांचाही फरक दीड तासाचाच. कुवेत, दोहा व बहारीन यांचा अडीच तासांचा. सिंगापूर पूर्वेस असल्याने तेथील घड्याळ आपल्यापुढे अडीच तास.

तिसरा : तारीख पाहावी. मध्यरात्रीच्या आसपासच्या विमानांत पुष्कळ जण एक दिवस चुकतात.

चौथा : विमानतळ कोणता ते पाहावे. तिकिटावर दोन्ही ठिकाणी ‘गोवा’ असेच लिहिलेले असते. फरक सांकेतिक अक्षरांत. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. या दोहोंत सरळ अंतर सुमारे चाळीस किलोमीटर, पण रस्त्याने मांडवी व जुवारी या दोन्ही नद्या ओलांडाव्या लागतात. कोणती सेवा कोणत्या विमानतळावरून, हे वेळोवेळी बदलते. म्हणून मागच्या वेळच्या माहितीवर विसंबू नये.

पाचवा : हिशेब दारापासून दारापर्यंतचा करावा. डिचोलीहून विमानतळास सवा तास, परदेशी विमानासाठी तीन तास आधी हजेरी, उड्डाण सव्वातीन तास, तिकडे तपासणी व सामान पाऊण तास, पुढे खोलीपर्यंत पाऊण तास; बेरीज नऊ तास. मुंबईच्या सव्वा तासाच्या विमानालाही याच रीतीने पाच-सहा तास जातात. जून २०२३ मध्ये सुरू झालेल्या वंदे भारत गाडीला पावसाळ्याखेरीजच्या दिवसांत मडगाव ते मुंबई पावणेआठ तासांच्या आसपास लागतात, हे पाहता कोणते साधन खरोखर लवकरचे, हा विचार प्रत्येकाने आपल्या दारापासून मोजून करावा.

सहावा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा : मनुष्य वेळेवर आला नाही, तर त्याच्याविषयी निष्कर्ष काढण्यापूर्वी आपला कागद पुन्हा एकदा दुसऱ्याच्या डोळ्यांखालून घालावा. दुकानात रोजमेळ जुळला नाही की आपण नोकरावर संशय घेण्याआधी बेरीज तपासतो. घरच्या माणसालाही तेवढा न्याय मिळावा.

७. मुलांसाठी उदाहरणे

(१) मस्कतचा विमानतळ २३ अंश ३६ कला उत्तर व ५८ अंश १७ कला पूर्व येथे आहे. एका रेखांशास साडेएकशेचार किलोमीटर धरून मोपा ते मस्कत सरळ अंतर काढा.

(२) कुवेतहून विमान तेथील वेळेप्रमाणे शनिवारी रात्री साडेदहाला सुटते व सव्वाचार तासांनी गोव्यास उतरते. घरच्यांनी कोणत्या वारी, किती वाजता विमानतळावर असावे?

(३) दुबईहून एक विमान तेथील वेळेप्रमाणे दुपारी दीडला सुटते व ३ तास १० मिनिटांनी मोपास उतरते. बाहेर पडण्यास पाऊण तास व पुढे डिचोलीस सवा तास लागल्यास मनुष्य घरी केव्हा पोहोचेल?

उत्तरे : (१) सुमारे १,८५० किलोमीटर. (२) रविवारी पहाटे सव्वापाचला. शनिवारी पहाटे जाऊन उभे राहणारे पुष्कळ भेटतात. (३) रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी.

तिसरे उदाहरण मी प्रत्येक मुलाला सोडवायला देतो. ज्याचे उत्तर सहा-चाळीस येते, त्याला रागावत नाही. त्याला शेजारी बसवून घेतो आणि २०१९ चा तो कागद दाखवतो. मी तो अजून वहीत जपून ठेवला आहे. आपल्या घरांतील कोणाच्याही हातून तसा कागद पुन्हा लिहिला जाऊ नये, एवढ्याच इच्छेने हा लेख लिहिला. वाचकांनी तो गोड मानून घ्यावा, आणि मुलांकडून उदाहरणे अवश्य सोडवून घ्यावीत, ही विनंती.